पदवी आहे, पद कुठे आहे?

बारावीचा निकाल आणि अभियांत्रिकीच्या प्रवेशफेऱ्या यांच्या दरम्यानचे दिवस मध्यमवर्गीय घरांत मोठ्या घालमेलीचे असतात. अशाच एका दिवशी आमच्या महाविद्यालयाच्या कार्यालयात लेखनिक असलेले एक गृहस्थ माझ्याकडे आले. त्यांच्या मुलीने बारावीला गणित आणि जीवशास्त्र असे दोन्ही विषय घेतले होते. वैद्यकीय प्रवेश थोडक्यात हुकला होता. अभियांत्रिकीच्या फेरीत मात्र तिला ‘बायोमेडिकल’ ही शाखा मिळत होती. ‘‘सर, घालू का तिला?’’ असे विचारून ते थोडे थांबले आणि ओशाळून म्हणाले, ‘‘आमच्या नात्यातले म्हणतात, ते दवाखान्यातल्या कचऱ्याचे शिक्षण असते.’’

हा गैरसमज हास्यास्पद वाटेल. पण तो अगदीच निराधार नाही. सर्वसामान्य माणसाच्या वाचनात ‘बायोमेडिकल’ हा शब्द येतो तो रुग्णालयातील पिवळ्या आणि लाल पिशव्यांवरच. त्या शब्दाशी जोडलेला अभियंता त्याने कधी पाहिलेला नसतो. याउलट, ‘यंत्र बंद आहे’ ही पाटी मात्र त्याने शासकीय रुग्णालयाच्या दारावर कितीदा तरी पाहिलेली असते. जो अभियंता दिसत नाही आणि जी पाटी वारंवार दिसते, त्या दोहोंचा परस्परांशी काही संबंध असेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. तो संबंध दाखविणे हाच या लेखाचा हेतू आहे.

हे शिक्षण कशाचे?

प्रथम या शाखेचे स्वरूप पाहू. जैववैद्यकीय अभियांत्रिकीच्या चार वर्षांत विद्यार्थ्याला शरीररचना आणि शरीरक्रिया यांची ओळख करून घ्यावी लागते. त्याचबरोबर इलेक्ट्रॉनिक्स, मापनशास्त्र, संगणकीय प्रक्रिया, शरीरात बसविण्याजोगे पदार्थ, हाडे-सांध्यांचे यामिकीशास्त्र आणि क्ष-किरणांपासून सोनोग्राफीपर्यंतची प्रतिमातंत्रे असे विषय शिकावे लागतात. वरकरणी ही खिचडी वाटते. परंतु इसीजीचे साधे उदाहरण घ्या. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर त्वचेवर जो विद्युत्‌दाब उमटतो, तो जेमतेम एक मिलिव्होल्टच्या आसपास असतो; आणि खोलीच्या भिंतीतून २३० व्होल्टच्या तारा गेलेल्या असतात. त्या गोंगाटातून हृदयाचा क्षीण संकेत वेगळा काढावयाचा, आणि तसे करताना यंत्रातील विजेचा लवलेशही रुग्णाच्या अंगात उतरू द्यावयाचा नाही, हे काम केवळ वीज समजणाऱ्याचे नाही आणि केवळ शरीर समजणाऱ्याचेही नाही. दोन्ही भाषा जाणणारा दुभाषी येथे लागतो. जैववैद्यकीय अभियंता हा असा दुभाषी होय.

आधुनिक वैद्यकाने घेतलेल्या मोठ्या झेपांमागे डॉक्टरांइतकेच अभियंतेही उभे आहेत, हे आपण विसरतो. सीटी स्कॅनचे यंत्र घडविणारे गॉडफ्रे हौन्सफील्ड हे इंग्लंडमधील एका ध्वनिमुद्रण व इलेक्ट्रॉनिक्स कंपनीतील अभियंते होते. १९७१ साली त्यांच्या यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूची प्रतिमा घेतली आणि १९७९ साली त्यांना ॲलन कॉर्मॅक यांच्यासमवेत वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

त्याहूनही बोधप्रद हकिकत अमेरिकेतील अर्ल बॅकन यांची आहे. १९४९ साली त्यांनी एका नातलगाला भागीदार घेऊन मिनिआपोलिस येथील एका गॅरेजमध्ये रुग्णालयांची यंत्रे दुरुस्त करण्याचा छोटा धंदा सुरू केला. दुरुस्तीच्या निमित्ताने त्यांचा विद्यापीठाच्या रुग्णालयात राबता असे. त्या काळी हृदयाला ठोके देणारी पेसमेकर यंत्रे भिंतीतील विजेवर चालत. ३१ ऑक्टोबर १९५७ रोजी शहराची वीज गेली आणि एक बालरुग्ण दगावले. शल्यविशारद वॉल्टन लिलहाय यांनी या दुरुस्तीवाल्या तरुणाला गाठले आणि विजेच्या तारेवाचून चालणारे यंत्र करून देता येईल का, असे विचारले. बॅकन यांनी सुमारे चार आठवड्यांत बॅटरीवर चालणारा, अंगावर बाळगता येईल असा पेसमेकर तयार केला. शोध लागला तो रुग्णालयाच्या दारात रोज येणाऱ्या, यंत्रे उघडून पाहणाऱ्या माणसाला. हे आपण ध्यानात ठेवू. कारण आपले गणित नेमके येथेच चुकले आहे.

‘ना धड डॉक्टर, ना धड इंजिनिअर’

या पदवीवर घेतला जाणारा मुख्य आक्षेप असा की, तीत सर्वच विषयांचे थोडेथोडे शिकविले जाते आणि कशातच खोली येत नाही. त्यापेक्षा यंत्र किंवा इलेक्ट्रॉनिक्स शाखेची भक्कम पदवी घ्यावी आणि नंतर पदव्युत्तर स्तरावर वैद्यकीय उपकरणांकडे वळावे, असे अनेक जाणकार सांगतात. मुंबईच्या आयआयटीत १९८८ साली या विषयाचे स्वतंत्र विद्यालय निघाले, तेही प्रामुख्याने पदव्युत्तर अध्ययन आणि संशोधन यांसाठीच. आक्षेपात तथ्य आहे, हे मान्य केले पाहिजे. नवे उपकरण मुळापासून घडवावयाचे तर कोणत्या तरी एका शास्त्रात खोलवर उतरलेला माणूसच लागतो.

तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेतील हृदयझडपेचा इतिहास याचीच साक्ष देतो. शल्यविशारद डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या प्रेरणेने अभियंते आणि पदार्थशास्त्रज्ञ तेथे एकत्र आले. माणसाचे हृदय मिनिटाला सत्तर ठोक्यांच्या हिशेबाने वर्षाला साडेतीन कोटींहून अधिक वेळा धडधडते. तितक्या वेळा उघडमीट करूनही न झिजणारी झडप त्यांना हवी होती. आधीचे आराखडे फसले. खर्च झाला, वर्षे गेली; पण संस्थेने माघार घेतली नाही. अखेर ६ डिसेंबर १९९० रोजी पहिली चित्रा झडप रुग्णाच्या हृदयात बसविण्यात आली, आणि तेव्हापासून लाखाहून अधिक रुग्णांना तिचा लाभ झाला आहे. रुग्णालय आणि प्रयोगशाळा एकाच संस्थेच्या छत्राखाली होती, म्हणून हे घडू शकले.

परंतु आक्षेप मान्य केल्यावरही एक प्रश्न उरतो. प्रत्येक अभियंत्याने नवे उपकरण शोधावे, अशी अपेक्षा कोणत्याच शाखेकडून आपण करीत नाही. स्थापत्य अभियंत्यांपैकी किती जण नव्या पद्धतीचा पूल शोधून काढतात? बहुसंख्य जण बांधलेले पूल आणि रस्ते नीट राखण्याचे काम करतात, आणि त्यासाठी सार्वजनिक बांधकाम खात्यात उपअभियंत्यापासून मुख्य अभियंत्यापर्यंत पदांची उतरंड आहे. वैद्यकीय उपकरणांची निवड, खरेदी, बसवणूक, अचूकतेची तपासणी, दुरुस्ती, आणि वापरणाऱ्या परिचारिकांचे प्रशिक्षण ही कामे अशीच आहेत. त्यांना विशेष खोलीपेक्षा व्यापक जाण अधिक लागते, आणि ती देणारे शिक्षण म्हणजे ही पदवी होय. तिचे स्वाभाविक घर रुग्णालय हेच आहे. आणि त्या घरातच आपण तिला खुर्ची दिलेली नाही.

जडवस्तू नोंदवहीतील यंत्रे

शासकीय कार्यालयात काम केलेल्यांना जडवस्तू संग्रह नोंदवही परिचित असते. एकदा वस्तू त्या वहीत चढली की, ती चालते की पडून आहे याच्याशी वहीला कर्तव्य नसते. निर्लेखन होईपर्यंत ती ‘आहे’च असते. आपल्या रुग्णालयांतील यंत्रांचे बरेचसे असेच झाले आहे. राष्ट्रीय आरोग्य अभियानाखाली उपकरणांच्या देखभालीचा कार्यक्रम २०१५ साली आखण्यात आला, त्या वेळी देशातील २९,११५ शासकीय आरोग्यसंस्थांमधील उपकरणांची मोजदाद झाली. ७,५६,७५० उपकरणे आढळली. त्यांची किंमत सुमारे ४,५६४ कोटी रुपये होती. आणि निरनिराळ्या राज्यांत त्यांपैकी १३ ते ३४ टक्के उपकरणे नादुरुस्त निघाली.

अर्थशास्त्राचा अध्यापक म्हणून या आकड्यांकडे पाहताना मन अस्वस्थ होते. ही टक्केवारी संख्येची आहे, किमतीची नव्हे, हे खरे. तरीही ढोबळ अंदाजासाठी ती किमतीला लावून पाहिली, तर सुमारे सहाशे ते साडेपंधराशे कोटी रुपयांचे भांडवल निपचित पडून होते असे दिसते. खासगी कारखानदार इतके भांडवल अडकून पडलेले पाहून झोपू शकला नसता. शिवाय यंत्राचे आयुष्य वापरावर फारसे अवलंबून नसते. बंद यंत्रही दरवर्षी जुने होते, त्याचा घसारा थांबत नाही. आणि हा झाला केवळ शासनाचा तोटा. सोनोग्राफी बंद म्हणून शेजारच्या शहरात जाणाऱ्या बाईचे एसटीचे भाडे, बुडालेली मजुरी आणि खासगी तपासणीचे पैसे कोणत्याच वहीत चढत नाहीत.

२०१५ च्या कार्यक्रमाने देखभालीचे काम खासगी सेवापुरवठादारांना कराराने देण्याची वाट मोकळी केली, आणि उपकरणे जिल्हा रुग्णालयांत ९५ टक्के, ग्रामीण रुग्णालयांच्या स्तरावर ९० टक्के आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत ८० टक्के वेळ चालू राहिली पाहिजेत, असा दंडक घातला. हे पाऊल निश्चितच योग्य होते. परंतु करार कितीही काटेकोर असला, तरी ‘यंत्र दुरुस्त झाले’ या शेऱ्याखाली सही कोण करतो, यावर त्याचे यश ठरते. आज ती सही बहुधा वैद्यकीय अधिकाऱ्याची किंवा भांडारपालाची असते. यंत्र सुरू झाले एवढे त्यांना दिसते. ते अचूक दाखविते का, हे त्यांनी कशावरून ठरवावे? रक्तदाब दहा अंकांनी चुकीचा दाखविणारे यंत्र बंद यंत्राहून अधिक घातक असते. बंद यंत्र निदान पाटी लावून आपला दोष कबूल करते.

करोनाच्या साथीने याची फार मोठी किंमत आपल्याकडून वसूल केली. २०२० साली केंद्राने पीएम केअर्स निधीतून ५० हजार व्हेंटिलेटरांसाठी २ हजार कोटी रुपये मंजूर केले. २०२१ साली मराठवाड्याला मिळालेल्या व्हेंटिलेटरांच्या नादुरुस्तीचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे आला. दोष यंत्रांचा की वापरणाऱ्यांचा, असा वाद रंगला. ज्या प्रश्नाचा निवाडा रुग्णालयातील अभियंत्याने यंत्र स्वीकारतानाच करावयाचा, तो न्यायालयाच्या दारात जावा, यातच सारे आले. त्याच वर्षी ९ जानेवारीला भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात अर्भक कक्षातील आगीत दहा बालके गेली. २१ एप्रिलला नाशिकच्या झाकीर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागून दाब कोसळला आणि वीसहून अधिक रुग्ण प्राणास मुकले. ६ नोव्हेंबरला तेव्हाच्या अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागातील आगीत अकरा जण दगावले. या दुर्घटनांची कारणे एकच नव्हती, आणि एक अभियंता नेमला असता तर त्या टळल्याच असत्या, असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये. परंतु आजचे रुग्णालय हे वीज, वायू आणि यंत्रे यांचे गुंतागुंतीचे जाळे आहे, आणि त्या जाळ्याची जबाबदारी पूर्णवेळ वाहणारा माणूस तेथे असावा, एवढे तरी या तीन तारखांनी आपल्याला शिकवावयास हवे होते.

परोक्ष मागणी

आता पदवीकडे वळू. श्रमाची मागणी ही परोक्ष असते, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या धड्यांपैकी एक आहे. गवंडी हवा असतो तो घर हवे असते म्हणून. जैववैद्यकीय अभियंत्यालाही मागणी येईल ती उपकरणे घडविणाऱ्या उद्योगाकडून आणि ती वापरणाऱ्या रुग्णालयाकडून. यांपैकी उद्योगाची स्थिती काय आहे? २०२३ च्या राष्ट्रीय वैद्यकीय उपकरण धोरणाच्या वेळी देण्यात आलेल्या माहितीनुसार २०२० साली या क्षेत्राची बाजारपेठ सुमारे ९० हजार कोटी रुपयांची होती, आणि जगाच्या बाजारात आपला वाटा अवघा दीड टक्का होता. आपली बहुतांश उपकरणे परदेशांतून येतात. आयात यंत्रासोबत विक्रेता हवा असतो, फार तर दुरुस्तीचा माणूस. संशोधक हवा असतो तो ज्या देशात यंत्र घडते तेथे. म्हणूनच आपल्याकडील अनेक पदवीधर उपकरणांच्या विक्रीकडे किंवा थेट संगणक कंपन्यांकडे वळतात. त्यात त्यांचा दोष काही नाही.

सरकारने याबाबत काहीच केले नाही, असे मात्र नाही. २०१७ च्या फेब्रुवारीत हृदयातील स्टेंटच्या किमतींवर मर्यादा आली. लाखाच्या घरात विकला जाणारा औषधयुक्त स्टेंट २९,६०० रुपयांवर आणला गेला. रुग्णांना त्याचा मोठा दिलासा मिळाला. २०२० साली उपकरणांच्या उत्पादनाला ३,४२० कोटींची प्रोत्साहन योजना जाहीर झाली. पण किंमत कायद्याने उतरविता येते, कौशल्य कायद्याने निर्माण होत नाही. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाशी संलग्न ऑरोलॅबने १९९२ पासून डोळ्यात बसवावयाची भिंगे स्वतः घडविली आणि त्यांची किंमत परदेशी भिंगांच्या अगदी अल्प अंशावर आणली, ती रुग्णालयाची नेमकी गरज रोज डोळ्यांसमोर होती म्हणून.

आणखी एक गोष्ट. परदेशी यंत्र परदेशी शरीरावर पारखलेले असते. बोटाला लावून रक्तातील प्राणवायू मोजणारे ऑक्सिमीटर साथीच्या काळात घरोघर पोचले. जपानमधील अभियंते ताकुओ आओयागी यांनी १९७४ साली त्याचे तत्त्व मांडले. २०२० च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी पाहणीत असे दिसले की, हे उपकरण प्राणवायू पुरेसा दाखवीत असताना प्रत्यक्षात तो कमी असण्याचे प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट होते. सावळ्या माणसांच्या आपल्या देशाला या प्रश्नाचे उत्तर कोणी शोधून द्यावयाचे? आपल्या रुग्णालयात, आपल्या माणसांमध्ये वावरणारा अभियंताच ते शोधू शकेल.

काय करता येईल?

यासाठी अवाढव्य योजनेची गरज नाही. पहिली गोष्ट पदनिर्मितीची. राष्ट्रीय आरोग्य अभियानाखालील पदे कंत्राटी असतात. कंत्राटी माणसाने वरिष्ठाने मागविलेल्या यंत्राला ‘हे स्वीकारू नका’ असे म्हणावे, ही अपेक्षा व्यर्थ आहे. प्रत्येक जिल्हा रुग्णालयाच्या आकृतिबंधात जैववैद्यकीय अभियंत्याचे एक नियमित पद असावे, सेवाप्रवेश नियमांत या पदवीचा स्पष्ट उल्लेख असावा आणि बढतीची शिडी असावी. एका पदाचा वार्षिक खर्च बारा लाख रुपये धरला, तरी ३६ जिल्ह्यांचा हिशेब ४ कोटी ३२ लाखांवर जात नाही. एका चांगल्या एमआरआय यंत्राला याहून अधिक पैसे पडू शकतात.

दुसरी गोष्ट खरेदीची. भांडवली खर्चातून यंत्र घ्यावयाचे आणि महसुली खर्चात दुरुस्तीला तरतूद नाही म्हणून ते बंद ठेवावयाचे, हा आपला जुना रिवाज आहे. निविदेत यंत्राच्या किमतीबरोबर त्याच्या दहा वर्षांच्या देखभालीची किंमतही तोलली जावी, आणि अभियंत्याच्या तांत्रिक अभिप्रायावाचून कोणतेही देयक मंजूर होऊ नये.

तिसरी गोष्ट विद्यापीठांची. चार वर्षांच्या आठ सत्रांपैकी एक पूर्ण सत्र विद्यार्थ्याने विद्यावेतनासह जिल्हा रुग्णालयात काढावे. वैद्यकीय विद्यार्थी रुग्णालयाबाहेर शिकू शकेल, असे कोणी म्हणत नाही. मग त्याच रुग्णालयाचा अभियंता केवळ महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत कसा घडेल? बंद यंत्र उघडून पाहणाऱ्या शंभर विद्यार्थ्यांपैकी एखाद्याच्या हातून उद्या स्वस्त आणि टिकाऊ यंत्र घडेल. उरलेले नव्याण्णव निदान पाट्या तरी उतरवतील.

या गोष्टी न करता नुसत्या जागा वाढविणे ही विद्यार्थ्यांची फसवणूक ठरेल. आणि मागणी नाही म्हणून अभ्यासक्रमच गुंडाळणे ही रुग्णांशी प्रतारणा ठरेल.

आता त्या लेखनिक गृहस्थांना मी काय सांगितले, ते सांगतो. हुकलेल्या वैद्यकीय प्रवेशाची भरपाई म्हणून मुलीला या शाखेला घालू नका, असे मी म्हणालो. २०२४ साली ‘नीट’साठी २४ लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी नावे नोंदविली आणि देशात एमबीबीएसच्या जागा होत्या लाखाहून थोड्या अधिक, तेव्हा हुकलेल्यांचे दुःख मोठे आहे. परंतु त्या दुःखावर उतारा म्हणून निवडलेली शाखा चार वर्षे गोड लागत नाही. मुलीला गणिताचा कंटाळा नसेल, यंत्र उघडून पाहण्याची खोड असेल, तर तिने जरूर जावे. मात्र इलेक्ट्रॉनिक्स आणि संगणक यांचा पाया पक्का करावा, पदवीनंतर आणखी दोन वर्षे शिकण्याची तयारी ठेवावी, आणि पहिली नोकरी मनाजोगी मिळेल असे गृहीत धरू नये. घरावर कर्ज काढून मात्र पाठवू नका, हेही सांगितले. २०२० पासून ‘गेट’ परीक्षेत या विषयाची स्वतंत्र प्रश्नपत्रिका आहे, तेव्हा पुढची वाट बंद नाही.

ते गृहस्थ थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘‘म्हणजे सर, शिक्षण चांगले आहे, जागा नाही.’’ चाळीस मिनिटांच्या माझ्या विवेचनाचा सारांश त्यांनी एका वाक्यात केला होता. मुलीने अखेर प्रवेश घेतला आहे. चार वर्षांनी ती पदवी घेऊन बाहेर पडेल, तेव्हा तिच्या जिल्ह्याच्या रुग्णालयात बंद यंत्रे असतीलच. ती दुरुस्त करण्याचा अधिकार तिला देणारे पद तेथे असेल की नाही, हे ठरविणे मात्र तिच्या हाती नाही. ते आपल्या आणि आपण निवडून दिलेल्यांच्या हाती आहे.